ज्वारीच्या दाण्याएवढं लाल

फुटलेल्या ताऱ्याभोवतीचं वायूचं कडं पसरताना मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे, असं मी आयुष्यात आठ दिवस समजत होतो. ते आठ दिवस फार चांगले गेले.

झालं असं, की कापूसवेचणीचे दिवस होते. सकाळी रेडिओच्या बातम्यांत सांगितलं, की हंस तारकासमूहात एक नवा तारा दिसायला लागला आहे. मी तेव्हा सीमेवरच्या बेला गावच्या शाळेत विज्ञान शिकवत होतो. आमच्या शाळेत कधीतरी कुठल्याशा योजनेतून आलेली सहा इंची आरशाची दुर्बीण होती. होती म्हणजे पेटीत होती. आमचे मुख्याध्यापक राजय्या सर ती पेटी उघडू देत नसत. माणूस सज्जन, पण सरकारी वस्तूला फार भिणारा. "मास्तर, ये डेड स्टॉक में चढ़ा हुआ माल है," ते म्हणायचे. "टूटा तो जवाब कौन देता? तुम?" त्या दिवशी मात्र मी रीतसर दरखास्त लिहिली, तुटली तर जवाब मी देतो असं खाली सहीनिशी कबूल केलं, आणि पेटी बैलगाडीतून घरी आणली.

आमचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, भाड्याचं, वर सपाट धाबं. दिवेलागणीला हंस पश्चिमेला चांगला उंच असायचा. दुर्बीण जोडली, तारा शोधला, डोळा लावला, तर काय! ताऱ्याच्या जागी मेदुवडा. गोल, तेजस्वी, मध्ये भोक. दुसऱ्या संध्याकाळी तो वडा थोडा मोठा. तिसऱ्या संध्याकाळी आणखी मोठा. मी पुस्तकात वाचलेलं होतं, की असा तारा फुटतो तेव्हा त्याच्या अंगावरचा वायू बाहेर फेकला जातो आणि चहूकडे पसरत जातो. मग आणखी काय पाहिजे? मी हैदराबादकडच्या एका वेधशाळेला जोडकार्ड टाकलं, अर्धं माझ्या मजकुराचं, अर्धं उत्तरासाठी कोरं: 'ताऱ्याभोवती कडे स्पष्ट दिसते. रोज वाढत आहे. निरीक्षक: मी स्वतः.'

उत्तराचा अर्धा भाग उलट टपाली आला. तिथल्या एका डॉक्टरसाहेबांनी सुवाच्य अक्षरात, इंग्रजीत लिहिलं होतं, त्याचा भावार्थ असा: 'आपल्या दुर्बिणीच्या नळीला एक पेच असेल. तो फिरवून पाहावे. कडे लहान होते का?'

मी फिरवला. कडं लहान झालं. आणखी फिरवला. ठिपका झाला. ज्या स्फोटाची बातमी मी हैदराबादला कळवली होती, तो मी दोन बोटांनी मागे ढकलला. आरशाच्या दुर्बिणीत मधोमध एक छोटा आरसा असतो. तारा नीट जुळवलेला नसला की तो पसरट दिसतो आणि या छोट्या आरशाची सावली मध्ये भोकासारखी पडते. आमचा पेच ढिला होता, नळी रोज थोडी सरकत होती, आणि माझं विश्व रोज थोडं प्रसरण पावत होतं.

बायको धाब्यावर चहा घेऊन आली होती. तिचं नाव शोभा, माहेर मुधोळचं, वडिलांचा भाजीचा मळा. आमचं लग्न होऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. (ते लग्न कसं जमलं हा वेगळा विषय. त्यात माझी काही चूक झालेली नाही, असं मी पुढचा महिनाभर तरी समजत होतो.)

"काय झालं? तोंड काऊन पाडलं?" तिनं विचारलं.

"कडं गेलं."

"कुठं गेलं?"

"ते नव्हतंच."

"बरं," ती म्हणाली, "चहा घ्या. चहा हाय."

पण त्या कार्डाच्या खाली आणखी चार ओळी होत्या, आणि त्यांच्यामुळेच आज हे लिहितो आहे. डॉक्टरसाहेबांनी लिहिलं होतं, की त्यांच्या मोठ्या दुर्बिणीचा आरसा नवी कलई द्यायला उतरवला आहे, काम लांबलं आहे, आणि नेमका आत्ताच हा तारा फुटला. आपल्याकडे आकाश निरभ्र दिसतं. तेव्हा एक साधन पाठवतो, रोज संध्याकाळी पाहून कळवाल का?

आठ दिवसांनी रजिस्टर पार्सल आलं. त्यात कापसात गुंडाळलेली, काडेपेटीएवढी काच होती. तिच्यावर डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक रेघा ओढलेल्या. ही काच दुर्बिणीच्या भिंगाला लावली, की ताऱ्याचा उजेड फाकतो आणि ठिपक्याच्या बाजूला रंगीत धागा दिसतो. एका टोकाला जांभळा, मग निळा, हिरवा, पिवळा आणि दुसऱ्या टोकाला लाल.

आता दोन गोष्टी सांगतो, मग पुढचं सोपं जाईल. पहिली म्हणजे हा तारा फुटतो म्हणजे काय. हा प्रश्न मला आमच्या शेजारच्या आजींनी विचारला होता. त्यांनी दुर्बिणीला आधी कान लावला, मग डोळा लावला आणि म्हणाल्या, "फुटला, तं मेला का तो?" नाही मेला. तिथं दोन तारे शेजारी शेजारी असतात. एक लहान, विझत आलेला, पण ओढून घेण्यात पक्का. दुसरा मोठा आणि ढिला. लहान तारा शेजाऱ्याचा वायू वर्षानुवर्षं ओढून अंगावर थर चढवत बसतो. एक दिवस तो थर एकदम पेटतो आणि बाहेर फेकला जातो. भगोन्यातलं दूध उतू जातं, भगोनं चुलीवर तसंच राहतं, तसं. आजींना हे पटलं. कापसाचे एक व्यापारी आले होते, त्यांना पटलं नाही. "सर, येवढा मोठा फुटला, तं आवाज काऊन नाई आला?" हा प्रश्न मी त्यानंतर दर वर्षी नववीला विचारत आलो. वर्गाला जागं करायला त्याच्याइतकं चांगलं दुसरं काही मला सापडलं नाही.

दुसरी गोष्ट त्या धाग्याची. फेकला गेलेला वायू तापून स्वतः उजळतो, पण प्रत्येक वायूचे उजळायचे रंग ठरलेले. तो धाग्यावर ठरलेल्या जागीच ठळक ठिपका उमटवतो. यात हायड्रोजन मुख्य, आणि त्याचा सर्वांत ठळक ठिपका लाल टोकाला. वायू जागच्या जागी असेल तर ठिपका बारीक. आपल्याकडे येणारा वायू ठिपक्याला जरासा निळ्याच्या बाजूला सरकवतो, दूर जाणारा उलट बाजूला. वायू चहूकडे पळत असेल तर ठिपका दोन्हीकडे ताणला जातो. म्हणून खरं कडं दुर्बिणीत दिसायला वर्षानुवर्षं लागत असली, तरी ठिपका किती ताणला ते पाहून कडं किती वेगानं पसरतं हे महिन्याभरात सांगता येतं. डॉक्टरसाहेबांना तेवढंच हवं होतं: लाल ठिपका दिसतो का, कधीपासून दिसतो, किती रुंद दिसतो.

मी काच लावली, डोळा लावला. धागा दिसला. जांभळा, निळा, निळ्या-हिरव्याच्या मध्ये एक छान ठळक गाठ. तीही हायड्रोजनचीच. मग हिरवा, पिवळा, आणि मग धागा संपला. लाल ठिपका नव्हता.

शोभा जिन्यावर होती. मी म्हटलं, "बघतेस का?" तिनं पदर खोचला, डोळा लावला आणि लगेच म्हणाली, "हे टोकाले लाल काय हाय?"

"कुठं?"

"हे काय, शेवटाले. धागा संपला, मग जराशी जागा, मग लालभडक दाणा. तुमाले नाई दिसत?"

आता एक कबुली. मी विज्ञानाचा मास्तर असलो तरी मला लाल नीट दिसत नाही. अगदी दिसतच नाही असं नाही. पण पिकलेली मिरची आणि कच्ची मिरची माझ्या लेखी सख्ख्या बहिणी, आणि गडद लाल म्हणजे जवळजवळ काळोख. हे मला ट्रेनिंगच्या वर्षीच कळलं होतं आणि मी ते कुणालाही सांगितलं नव्हतं. ज्याला लिटमस कागद लाल झाला की निळा राहिला हे कळत नाही, तो विज्ञान काय शिकवणार? म्हणून मी एक युक्ती काढली होती. कागद वर धरायचा आणि वर्गाकडे पाहून दमदार आवाजात विचारायचं, "कोण सांगतं?" चाळीस पोरं ओरडायची, "लाल!" मग मी म्हणायचो, "बरोबर." एकदा तपासणीला आलेले साहेब माझ्या या पद्धतीवर इतके खूश झाले, की शेऱ्यात त्यांनी लिहिलं: 'हे शिक्षक उत्तर स्वतः न सांगता विद्यार्थ्यांकडून काढून घेतात.' त्यात खोटं काहीच नव्हतं.

तर त्या संध्याकाळी मी बायकोलाही तेच उत्तर दिलं. "दिसतं ना," मी म्हटलं. "तुला दिसतं का, ते पाहत होतो."

"असं का," ती म्हणाली, आणि पुन्हा डोळा लावला.

पुढे तीनेक आठवडे आमचा हाच नेम झाला. शाळा सुटली, चहा झाला, अंधार पडला, की आम्ही धाब्यावर. मी दुर्बीण लावायचो, तारा आणायचो, काच नीट बसवायचो, आणि परीक्षा घेतल्यासारखा विचारायचो, "सांग बरं, आज काय दिसतं?" ती सांगायची, मी मान डोलवत लिहून घ्यायचो. तिची नजर मळ्यातली. वडिलांबरोबर टमाट्यांची टोपली निवडताना आज विकायचं कोणतं, उद्यापर्यंत टिकणार कोणतं, हे ती रंगावरून सांगायची. ती नुसतं 'लाल' म्हणतच नसे.

"आज धागा फिका झाला. दाणा तसाच हाय."

"आज दाणा लांबला. उभा कमी, आडवा जास्त. पैले मोहरी होती, आता ज्वारीचा दाणा झाला."

"आज धाग्यापेक्षा दाणाच चमकून राह्यला."

हे फार मोलाचं होतं. तारा मंदावत जातो, धागा फिका पडतो, पण वायूचा ठिपका मागे उरतो; आणि तो उभा नाही, आडवाच फुगतो, म्हणजे तो आपल्या डोळ्याचा किंवा हवेचा दोष नाही, तिथं खरंच काहीतरी पसरतं आहे. मी हे सगळं इंग्रजीत नेटकं लिहून रोज कार्ड टाकायचो. ज्वारीचा दाणासुद्धा लिहिला. खाली: 'निरीक्षक: मी स्वतः.'

मनाची समजूत काढणं मला चांगलं जमतं. दुर्बीण मी लावतो, काच मी बसवतो, लिहितो मी. ती नुसतं बघते. बघणं म्हणजे काय काम आहे? असं मी स्वतःला सांगायचो, आणि जगभर निरीक्षण म्हणतात ते बघण्यालाच, हेही मला माहीत होतं.

डॉक्टरसाहेबांची पत्रं हळूहळू लांब होत गेली. एकदा त्यांनी लिहिलं, 'आपली नजर असामान्य आहे.' ते पत्र मी शोभाला वाचून दाखवलं. का दाखवलं ते मला आजही सांगता येत नाही. तिनं ऐकलं, भाजी परतली आणि म्हणाली, "हाय ना असामान्य. मी कुठं नाई म्हणते."

मग पत्र आलं, की साहेब स्वतः येत आहेत. त्यांच्या आरशाचं काम अजून चालूच होतं. माझ्या वेधांवरून त्यांनी एक छोटं टिपण छापायला पाठवलं होतं. फक्त एक गोष्ट खात्रीनं ठरवायची होती, म्हणून ते दिवे घेऊन येणार होते.

राजय्या सरांची धांदल उडाली. शाळा झाडली, रंगीत कागदाच्या माळा लावल्या, विज्ञानाच्या खोलीत खुर्च्या मांडल्या. गावातली मोठी माणसं आली, एका बाजूला बायका बसल्या, त्यांत शोभाही. डॉक्टरसाहेब किडकिडीत, चष्मा लावलेले, हळू बोलणारे. त्यांनी टेबलावर काचेच्या दोन बारीक नळ्या उभ्या केल्या आणि तारा जोडल्या. राजय्या सर माझ्या कानात म्हणाले, "फ्यूज उड़ा तो?" मी म्हटलं, "दरखास्त देतो."

खिडक्या लावल्या. दोन्ही नळ्या उजळल्या. पोरं "हा!" करून ओरडली. साहेब मराठीत म्हणाले, "मास्तर, या दोन वेगवेगळ्या वायूंच्या नळ्या. दोघींत लाल आहे, पण दोन तऱ्हेचं. तुम्ही ताऱ्यात जे लाल महिनाभर पाहिलंत, ते यातलं कोणतं? आपल्या काचेतून पाहा आणि सांगा. एवढं ठरलं की टिपण पक्कं."

मी काच डोळ्याला लावली. दोन नळ्या, दोघींच्या निळ्या-पिवळट रेघा, टोकाला काळोख.

सवयीनं माझ्या तोंडून निघालं, "कोण सांगतं?"

पोरं एका सुरात ओरडली, "लाल!"

"दोन्ही लालच आहेत," साहेब हसून म्हणाले. "पण ताऱ्यातलं लाल यांनी कुठं पाहिलंय? ते तर फक्त तुम्ही पाहिलंय."

माझी पद्धत आयुष्यात पहिल्यांदा फसली. वर्गाला उत्तर माहीत नव्हतं. खोलीत उत्तर माहीत असलेलं एकच माणूस होतं, आणि ते बायकांच्या रांगेत बसलं होतं. मी तिकडे पाहिलं. शोभानं माझ्याकडे पाहिलं, आणि डाव्या हातानं डाव्या खांद्यावर पदर सारखा करण्याचा अभिनय केला. मग पुन्हा केला. तिचा पदर उजव्या खांद्यावर असतो.

म्हणजे डावीकडची नळी; नुसत्या उजेडावरून तिनं काचेशिवायच ओळखली होती. तिला सगळं माहीत होतं. पहिल्या संध्याकाळपासून माहीत होतं. आणि तरी ती मला, चारचौघांत, हळूच उत्तर सांगत होती. मी फक्त 'डावी' म्हणायचं होतं. साहेबांनी टिपण छापलं असतं, राजय्या सरांनी हार घातला असता, आणि नववीची पोरं गावभर सांगत फिरली असती, की आमच्या सरांनी तारा ओळखला.

मी तोंड उघडलं. 'डा' एवढं माझ्या ओठांवर आलेलं होतं. त्या दोन काळ्या टोकांकडे पाहताना मला एकदम तो मेदुवडा आठवला. तेव्हा जे नव्हतं ते पाहिलं म्हणून मी कळवलं होतं. ती चूक होती, तिला हसता आलं. आता जे पाहिलं नाही ते पाहिलं म्हणून सांगणार होतो.

"साहेब," मी म्हटलं, "मला माहीत नाही. मला लाल दिसत नाही. ज्यांनी पाहिलं त्या आमच्या सौभाग्यवती तिथं बसल्यात. त्यांना विचारा."

मागच्या बाकावरून कुणीतरी खुसकन हसलं. राजय्या सरांनी डोळे मिटले. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग चष्मा पुसला. काच माझ्या हातातून घेतली आणि शोभापुढे धरली. "वहिनी, बघता का?"

ती उठली. चारचौघांपुढे उठून बोलायची तिला सवय नव्हती, पण काच डोळ्याला लागली आणि ती धाब्यावरची झाली.

"हे डाव्या बाजूचं," ती म्हणाली. "ते दुसरं केशरी हाय जरासं, अन् त्याले लई रेघा हायेत. आपलं हेच. पन साहेब, येवढं बारीक नोतं आपलं. हे सुईवानी हाय. आपलं फुगलं होतं."

साहेब पुढे झुकले. "किती फुगलं होतं?"

"ज्वारीच्या दाण्यायेवढं."

"तसं नाही," ते म्हणाले. "या लाल रेघेपासून त्या निळ्या-हिरव्या रेघेपर्यंत जी जागा आहे, तिच्यात तुमचे असे दाणे ओळीनं मांडले, तर किती बसतील?"

तिनं काच पुन्हा लावली. बोटांनी हवेत काहीतरी मोजलं. बी टोचताना दोन रोपांत किती अंतर सोडायचं ते मळ्यात तसंच मोजतात. "सोळा," ती म्हणाली. "लई तं सतरा."

साहेबांनी खिशातून कागद काढला आणि तिथंच उभ्याउभ्या गणित केलं. मग खडू घेऊन फळ्याकडे गेले आणि सगळ्यांना समजेल असं सांगितलं: ही नळीतली हायड्रोजनची रेघ बारीक आहे, कारण हा वायू इथंच, जागेवर आहे. ताऱ्यातली फुगली, कारण तो वायू पळतो आहे. किती, ते वहिनींच्या दाण्यांवरून निघतं. अंदाजच आहे, पण एका सेकंदात साधारण दोन हजार किलोमीटर. "मी इथं 'एक' म्हणेपर्यंत," ते म्हणाले, "तो वायू बेल्याहून निघून दिल्लीला जाऊन परत आलेला असेल."

कापसाचे व्यापारी मागून म्हणाले, "अन् आवाज नाई?"

सगळी खोली हसली. मीही हसलो. खूप दिवसांनी मोकळा हसलो.

टिपण छापून आलं, पण त्याचा मजकूर आधीच गेलेला होता. त्यात माझंच नाव आहे, बारीक अक्षरात. साहेबांनी दुरुस्ती कळवली होती. ती वेळेत पोचली नाही, की कुणाला महत्त्वाची वाटली नाही, कोण जाणे. आमच्याकडे पाठवलेल्या प्रतीत त्यांनी माझं नाव खोडून वर शोभाचं लिहिलं आहे, निळ्या शाईनं. निळं मला चांगलं दिसतं. बाकीच्या प्रती जिथं जिथं गेल्या असतील, तिथं अजूनही असामान्य नजरेचा माणूस मीच आहे. त्याचं मला आज, पन्नाशी उलटल्यावरही, वाईट वाटतं.

शाळेत काही बिघडलं नाही. पोरं चार दिवस आपसांत हसली. नंतर लिटमस वर धरला, की मी न विचारताच ओरडायला लागली. राजय्या सरांनी दुर्बीण पुन्हा पेटीत घातली, पण कुलूप लावलं नाही.

त्या संध्याकाळी कार्यक्रम आटपून आम्ही घरी चालत निघालो. मी म्हटलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"काय?"

"माझ्या डोळ्यांचं."

"लग्नाच्या आधीपासून."

मी थांबलोच. ती थांबली नाही. चालता चालताच म्हणाली, "तुमी मुधोळले पाहाले आले, तवा घरात आम्ही दोघी होतो. मी अन् माही चुलत बहीण. जाताना तुमी माह्या आईले सांगितलं, ते हिरव्या लुगड्यातली पसंत हाय. हिरवं लुगडं तिचं होतं. मी लालात होते, अन् तुमचं सारं ध्यान माह्याकडं होतं. बाबा मले इचारून राह्यले, पोरी, हिरवी कोन? मी म्हटलं, मीच. येवढं सोन्यासारखं मानूस, त्याच्यावतीनं रोज कोनीतरी बघाले पायजे. तिले जमलं नसतं."